अर्धशक्ती म्हणजे कशाचे अर्ध? : व्यायामविज्ञानातील पीएच्.डी. अभ्यासाच्या निमित्ताने

व्यायाम अर्धशक्तीने करावा, हा उपदेश आपण सर्व वैद्य नित्य करीत असतो. दिनचर्येवरील व्याख्यान असो वा प्रमेही रुग्णाचे पथ्य असो, हे दोन शब्द सहज ओठांवर येतात आणि श्रोताही मान डोलावतो. आमच्या कोकणातील चिकित्सालयात मात्र एका रुग्णाने मान डोलावली नाही. वय पन्नाशीचे, व्यवसाय कापडाचा, दिवसभर गादीवर बैठक, प्रमेह नुकताच उघडकीस आलेला. त्यांनी विचारले, "वैद्यबुवा, अर्धी शक्ती म्हणजे किती?" आम्ही परंपरेस अनुसरून सांगितले, "कपाळावर, नाकावर, काखेत घाम आला, तोंडास कोरड पडली, की थांबावे." आठ दिवसांनी ते परत आले व म्हणाले, "घाम तर दाराबाहेर पाऊल टाकताच येतो. मी कोपऱ्यापर्यंत जातो आणि आपल्या आज्ञेप्रमाणे परत फिरतो." महिना वैशाखाचा होता. दोष त्यांचा नव्हता, ग्रंथाचाही नव्हता. आम्ही लक्षण सांगितले होते, पण ते लक्षण कशाचे, याचा विचार आम्ही स्वतः कधी केला नव्हता.

या प्रश्नाने आम्हांस चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा विद्यार्थी केले. व्यायामविज्ञान या विषयात पीएच्.डी. करावी असे मनात आले, अंशकालीन नोंदणीही झाली. त्या प्रयत्नाचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच. अलीकडे अनेक तरुण वैद्य या विषयाची विचारणा करतात, औषधनिर्मिती करणारे आमचे काही स्नेहीही करतात. त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम या विद्याशाखेचे स्वरूप पाहू. मानवी हालचालीचे शास्त्र हे कवायतशिक्षक घडविण्याच्या शिक्षणातून वेगळे होत गेलेले शास्त्र आहे. अमेरिकेत फ्रँकलिन हेन्री यांनी १९६४ मध्ये शारीरिक शिक्षण ही स्वतंत्र ज्ञानशाखा आहे असे आग्रहाने मांडले, आणि पुढे अनेक विद्यापीठांतील विभागांनी 'कायनेसिऑलॉजी' हे नाव धारण केले. तिची मुळे मात्र शरीरक्रियाशास्त्रात आहेत. ब्रिटनमधील ए. व्ही. हिल यांना स्नायूंतील उष्णतानिर्मितीच्या संशोधनाबद्दल १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी व लप्टन यांनी १९२३ मध्ये धावणाऱ्या माणसाच्या प्राणवायू-ग्रहणाची मोजमापे प्रसिद्ध केली. धावणारा माणूस बहुधा स्वतः हिल हेच असत आणि उच्छ्वासाची हवा डग्लस यांनी योजलेल्या पिशवीत साठविली जाई. वेग वाढवीत गेले की प्राणवायूचे ग्रहण वाढते, पण एका मर्यादेनंतर वेग वाढला तरी ते वाढत नाही, असे त्यांनी दाखविले. या मर्यादेस कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता म्हणतात. आजही या शास्त्रात माणसाची 'शक्ती' मोजावयाची झाल्यास प्रथम हाच आकडा विचारला जातो.

येथे आपल्या मनात विचार येणे स्वाभाविक आहे की ही कमाल क्षमता म्हणजे शक्ती, तर तिचे पन्नास टक्के म्हणजे अर्धशक्ती. आमच्याही मनात हेच आले होते. परंतु त्यापूर्वी एक कबुली देणे आवश्यक आहे. आमचा पहिला आराखडा अर्धशक्तीविषयी नव्हताच. तो एका बल्य चूर्णाविषयी होता. चूर्ण द्यावे, तीन महिन्यांनी खेळाडूंची कामगिरी मोजावी, वाढ झाली की प्रबंध पूर्ण. संशोधन समितीने तो आराखडा पाच मिनिटांत परत केला. तुलनेचा गट कोणता, चूर्णाचे प्रमाणीकरण कशाने केले, खेळाडू त्या तीन महिन्यांत सरावही करीत होते की नाही, असे तीन प्रश्न विचारले गेले व एकाचेही उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्या दिवशी राग आला होता. आज वाटते की समितीने आमची तीन वर्षे वाचविली.

दुसरा आराखडा अर्धशक्तीचा. त्यात आम्ही लिहिले की कमाल हृद्गतीच्या निम्मी हृद्गती म्हणजे अर्धशक्ती मानण्यात येईल. समितीतील शरीरक्रियाशास्त्राच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी शांतपणे विचारले, "अर्धे कशाचे?" आणि फळ्यावर हिशेब मांडला. पन्नास वर्षांच्या माणसाची कमाल हृद्गती, २२० मधून वय वजा करण्याच्या प्रचलित ठोकताळ्याने, १७० येते. तिचे अर्ध ८५. एवढी गती तर अंगणात फेरी मारली तरी होते. आता विश्रांतीतील गती ७० धरा. १७० व ७० यांतील अंतर १००, त्याचे अर्ध ५०, ते विश्रांतीच्या गतीत मिळविले की १२०. ही रीत फिनलंडमधील कार्व्होनेन यांच्या १९५७ च्या कामावर आधारलेली आहे. एकाच माणसाची अर्धशक्ती एका हिशेबाने ८५ आणि दुसऱ्याने १२०! शिवाय २२० चा ठोकताळाही कच्चाच. २००१ मध्ये टनाका व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करण्याचे सूत्र दिले. त्यानेही व्यक्तीव्यक्तींत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज राहतो. आणि रुग्ण रक्तदाबासाठी हृद्गती मंदावणारे औषध घेत असेल, तर दोन्ही सूत्रे निरुपयोगी.

ग्रंथ पुन्हा उघडले तेव्हा ध्यानात आले की आचार्यांनी अर्धाचा हिशेब केलेलाच नाही, त्यांनी लक्षण दिले आहे. सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात, व्यायाम करणाऱ्याच्या हृदयस्थानी असलेला वायू मुखाकडे येऊ लागणे हे बलार्धाचे लक्षण सांगितले. घाम व मुखशोष यांचे वर्णन उत्तरकालीन परंपरेत अधिक स्पष्ट झाले. चरकांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात मात्रेवर भर दिला व अतिव्यायामाने होणाऱ्या व्याधींची यादी दिली. वाग्भटांनी दिनचर्येत अर्धशक्तीचा नियम शीतकाल व वसंत यांसाठी सांगून अन्य ऋतूंत त्याहूनही कमी करावयास सांगितले. म्हणजे वैशाखात आमच्या कापडव्यापाऱ्यांना घामाचे लक्षण देण्यापूर्वी आम्ही वाग्भटांचे पुढचे वाक्य वाचावयास हवे होते.

आता या लक्षणांकडे व्यायामविज्ञानाच्या दृष्टीने पाहू. येथे विषय खरोखर रंगतो.

श्रम वाढवीत नेला असता श्वसन प्रारंभी श्रमाच्या प्रमाणात वाढते. एका टप्प्यावर स्नायूंत लॅक्टेटची निर्मिती त्याच्या विल्हेवाटीपेक्षा अधिक होऊ लागते, त्यासोबतचे आम्लत्व रक्तातील बायकार्बोनेट शमविते व त्यातून जादा कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. तो बाहेर टाकण्यासाठी श्वसन श्रमाच्या प्रमाणाबाहेर वाढते. या टप्प्यास श्वसनाचा उंबरठा म्हणतात. वॉसरमन व मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये हृद्रोग्यांच्या परीक्षणासाठी ही कल्पना पुढे आणली. या उंबरठ्यापर्यंत माणूस सोबत्याशी सुखाने बोलू शकतो, ओलांडला की वाक्य तुटू लागते. हृदयस्थ वायू मुखाकडे येणे या वर्णनाशी याचे साम्य कोणासही जाणवेल.

मुखशोषाचेही तसेच. विश्रांतीत आपण नाकाने श्वास घेतो. श्वसन मिनिटास सुमारे ३५ ते ४० लिटरच्या घरात गेले की बहुतेक माणसे तोंडही उघडतात. तोंडाने श्वास सुरू झाला की कोरड पडणारच. हा बदल उंबरठ्याच्या आधी होतो, बरोबर होतो की नंतर, हे व्यक्तीगणिक पाहावे लागेल.

घामाचे मात्र वेगळे आहे, आणि आमच्या मते प्रबंधाचा गाभा येथेच दडलेला आहे. एक लिटर घाम त्वचेवर सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कोकणातील दमट हवेत तो सुकत नाही, ओघळतो व डोळ्यांस दिसतो. अकोल्याच्या कोरड्या उन्हात तितकाच घाम येऊन उडून जातो व कपाळ कोरडे दिसते. सरावलेल्या माणसास तर नवशिक्यापेक्षा लवकर घाम सुटतो, कारण त्याचे शरीर उष्णता टाकण्यास आधीच सज्ज झालेले असते. उलट सरावाने श्वसनाचा उंबरठा मागे मागे सरकतो. म्हणजे सराव वाढला की घामाचे लक्षण लवकर आणि वायूचे लक्षण उशिरा! परंपरेने एकत्र सांगितलेली ही लक्षणे सरावलेल्या शरीरात एकमेकांपासून दुरावतात की काय, हा प्रश्न प्रयोगशाळेत सोडविण्याजोगा आहे, आणि तो वैद्याखेरीज दुसऱ्या कोणास सुचण्याचा संभव कमी.

सवय नसलेल्या निरोगी माणसात श्वसनाचा उंबरठा कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमतेच्या साधारण ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास आढळतो. हे वाचून आपल्यातील कित्येकांना 'पाहा, आमच्या ऋषींनी हे आधीच सांगितले होते' असे म्हणण्याचा मोह होईल. आम्हांस झाला होता. तथापि मुरलेल्या दीर्घपल्ल्याच्या धावपटूत हाच उंबरठा पुष्कळच वर असतो. मग त्याची अर्धशक्ती कोणती? संख्येने अर्ध मानावे तर लक्षण जुळत नाही, लक्षण मानावे तर संख्या अर्धी राहत नाही. आमचे मत लक्षणाच्या बाजूचे आहे, कारण ग्रंथाने व्याख्या लक्षणानेच केली आहे. परंतु हे मत म्हणजे सिद्धान्त नव्हे. विद्यार्थ्याने दोन्ही शक्यता मांडून, कोणता निकाल आल्यास आपले मत सोडावे लागेल हे आराखड्यातच लिहून ठेवावे. आमचा तिसरा आराखडा स्वीकारला गेला तो याच एका परिच्छेदामुळे.

या शास्त्रातील दोन अभ्यास प्रत्येक वैद्याने समजून घ्यावेत. पहिला लंडनचा. जेरी मॉरिस व सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१ हजार पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांत, बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृद्रोग कमी आढळला. आपण येथेच थांबून टाळ्या वाजविल्या असत्या. मॉरिस थांबले नाहीत. त्यांनी गणवेशांच्या मापांची नोंद तपासली व १९५६ मध्ये दाखविले की चालकांचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा मोठाच होता, आणि ही तफावत नव्याने भरती झालेल्या तरुणांतही दिसत होती. म्हणजे फरकाचा काही अंश जिन्यांपूर्वीचा असू शकतो. आपल्याच निष्कर्षावर संशय घेऊन शिंप्याच्या मापांपर्यंत जाणे, ही वृत्ती अंगी बाणविण्यासाठीच ही पदवी आहे असे आम्ही समजतो.

दुसरा अभ्यास 'हेरिटेज' नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या १९९९ च्या अहवालात ४८१ व्यक्तींना २० आठवडे एकाच पद्धतीचा व्यायाम दिल्याची माहिती आहे. कमाल प्राणवायू-ग्रहणात सरासरी वाढ मिनिटास सुमारे ४०० मिलिलिटर, परंतु काहींत वाढ जवळजवळ शून्य आणि काहींत एक लिटरहून अधिक. फरकाचा मोठा भाग कुटुंबागणिक होता. हे वाचून वैद्याच्या मनात प्रकृतीचा विचार आल्याशिवाय राहणार नाही. पण थांबावे. प्रथम तीन वैद्यांनी, एकमेकांस न विचारता, त्याच पन्नास व्यक्तींची प्रकृती ठरवावी व किती ठिकाणी मतैक्य होते ते मोजावे. मतैक्य नसेल तर पुढचा सारा प्रबंध वाळूवर उभा राहील. हे काम नीरस आहे खरे, पण त्यास प्रयोगशाळा लागत नाही.

नियमांविषयी थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच्.डी.चा कालावधी किमान तीन व कमाल सहा वर्षे, त्यापुढे पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे. किमान १२ श्रेयांकांचा पूर्व-अभ्यासक्रम असतो व त्यात संशोधन-नीतीचा समावेश असतो. पदव्युत्तर परीक्षेत सामान्यतः ५५ टक्के गुण लागतात. अंशकालीन नोंदणीस वाव आहे. एम्.डी. (आयुर्वेद) ही पदवी शारीरिक शिक्षणाच्या विद्याशाखेत ग्राह्य धरली जाते की आंतरविद्याशाखीय नोंदणी करावी लागते, हे त्या त्या विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे, तोंडी उत्तरावर विसंबू नये. आरोग्यविज्ञान विद्यापीठाचे नियम वेगळे वाचावेत. परदेशात अमेरिकी पद्धतीत प्रथम एक-दोन वर्षे अभ्यासक्रम, नंतर सर्वंकष परीक्षा व मग प्रबंध. ब्रिटन व ऑस्ट्रेलियात बहुधा थेट संशोधनास आरंभ होतो व तीन-चार वर्षे लागतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात तर मानवी हालचाल व पोषण या नावाचीच स्वतंत्र शाखा आहे.

मार्गदर्शकाच्या नावापेक्षा प्रयोगशाळा पाहावी, हा आमचा अनुभवाचा सल्ला. आम्ही नोंदणी केली त्या संस्थेत श्वासातील वायूंचे पृथक्करण करणारे यंत्र 'पुढील वर्षी येणार' होते. ते प्रतिवर्षी पुढील वर्षीच येत राहिले. दुसऱ्या संस्थेची अनुमती मिळवीपर्यंत चिकित्सालयाचा व्याप, घरातील आजारपण यांत मुदत सरली आणि आमची नोंदणी रद्द झाली. आमच्या नावामागे ती पदवी लागली नाही. म्हणून नोंदणीपूर्वी यंत्र डोळ्यांनी पाहावे, ते ज्ञात प्रमाणाच्या वायूने शेवटचे केव्हा पडताळले याची नोंदवही मागावी, आणि चालविणारा तंत्रज्ञ कायम नोकरीत आहे का हेही विचारावे. हे विचारण्यास संकोच वाटतो. आम्हांस वाटला होता.

औषधनिर्माते व विक्रेते यांच्यासाठी दोन गोष्टी. अश्वगंधेचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. ५७ पुरुष, आठ आठवडे, मुळाचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोन वेळा, सोबत वजनांचा व्यायाम. अर्क घेणाऱ्या गटात बल अधिक वाढले. अभ्यास चांगला आहे, पण तो एका प्रमाणित अर्काचा आहे. आपल्या चूर्णाच्या डबीवर त्याचा निष्कर्ष छापणे म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाचे प्रगतिपुस्तक आपल्या मुलाच्या दप्तरात ठेवणे होय. आपले द्रव्य निराळे, तर अभ्यासही निराळा हवा, आणि त्याची नोंद पहिला सहभागी घेण्यापूर्वी देशाच्या चिकित्सा-परीक्षण नोंदवहीत व्हावयास हवी. ही नोंदवही २००७ पासून चालू आहे.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची. कुपीलूतील स्ट्रिक्निन हे द्रव्य जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्पर्धाकाळासाठी निषिद्ध आहे. अग्नितुंडी वटी, विषतिंदुक वटी ही आपल्या कपाटातील रोजची औषधे आहेत. अजीर्णाची तक्रार घेऊन आलेला मल्ल वा धावपटू ती घेऊन स्पर्धेस गेला व परीक्षणात अडकला, तर नियमाप्रमाणे उत्तरदायी तोच ठरतो. सोमलतेतील एफेड्रिनही ठरावीक मात्रेपलीकडे निषिद्ध आहे. शुद्ध कुपीलूयुक्त वटी घेतल्यानंतर मूत्रात स्ट्रिक्निन किती दिवस सापडते, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. आमचे औषधनिर्माते स्नेही चूर्णाच्या जाहिरातीसाठी जेवढा खर्च करतात त्याच्या अल्पांशात हे काम होईल. तोवर विक्रेत्यांनी गिऱ्हाइकास 'स्पर्धेत भाग घेता काय?' एवढे विचारले तरी एखाद्या खेळाडूची कारकीर्द वाचेल.

पदवीच्या मार्गाने जाणे सर्वांस शक्य नाही. परंतु रुग्णपत्रिकेत चार रकाने वाढविणे शक्य आहे. चालण्यापूर्वीची नाडीगती, घाम प्रथम कोठे व किती मिनिटांनी आला, तोंडाने श्वास केव्हा सुरू झाला, सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईनासे केव्हा झाले. सोबत दिनांक, ऋतू व हवामान. स्वीडनच्या गुन्नर बोर्ग यांनी केलेली ६ ते २० अंकांची श्रममापन-श्रेणीही जोडता येईल. तीत १३ म्हणजे 'काहीसे कठीण', आणि अंकाची दहापट म्हणजे अदमासे हृद्गती अशी तिची मूळ योजना आहे. सुश्रुतांनी व्यायामापूर्वी वय, बल, शरीर, देश, काल व आहार यांचा विचार करावयास सांगितले आहे. रकाने तयारच आहेत, भरावयाचे तेवढे राहिले आहे. एका तरुण वैद्यभगिनीने आमचा तिसरा आराखडा मागून नेला व गतवर्षी, यंत्र प्रत्यक्ष पाहून, नोंदणी केली. त्यांना विदर्भ व कोकण अशा दोन्ही ठिकाणच्या नोंदी हव्या आहेत. ज्या वैद्यांना आपल्या नोंदी द्यावयाच्या असतील त्यांनी रुग्णाची लेखी संमती घ्यावी व नाव वगळून द्याव्यात.

कापडव्यापारी गृहस्थ आता पहाटे समुद्रकाठाने चालतात. घामाकडे पाहत नाहीत. त्यांचे एक शाळासोबती बरोबर असतात, आणि त्यांच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने चालावे असे आम्ही सांगितले आहे. वही त्यांनी दुकानातल्या खतावणीसारखी ठेवली आहे. वैशाखातली मिनिटे वेगळ्या शाईत, मार्गशीर्षातली वेगळ्या. दोन्हींत घाम व वाक्य तुटणे यांमधील अंतर सारखे नाही.